डॉ. झाकिर हुसेन : शाळेत लागलेले वळण

डॉ. झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. दहाव्या वर्षीच वडिलांचे छत्र हरपले. इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये घरापासून दूर राहून ते शिकत असताना १९११ मध्ये प्लेगच्या साथीत आईही गेली. अवघ्या चौदा वर्षांचे वय! तरीही त्यांनी शाळा सोडली नाही. हायस्कूलचे शिक्षण पुरे करूनच ते अलीगढला गेले.

आपला भार आपणच उचलण्याचे हे वळण जन्मभर टिकले. जर्मनीतून डॉक्टरेट मिळवून आल्यावर १९२६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी आर्थिक अडचणीत सापडलेल्या जामिया मिल्लियाची धुरा हाती घेतली. दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता २० वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा त्यांनी व सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये केली. १९४८ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्याच आवारात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, राष्ट्रपतिपद एखाद्यालाच लाभते. परंतु कोणी सांगण्याची वाट न पाहता पुस्तक उघडणे प्रत्येकाच्या हाती आहे.