सिकंदर साहेब आणि ज्वारीची भाकर



दिल्लीत काश्मिरी गेटजवळ मोठ्या घुमटाचे एक जुने चर्च आहे. ते संत याकोबाच्या नावाने वाहिलेले आहे. ते कॅथोलिक नाही, अँग्लिकन लोकांनी उभारलेले आहे. तरीही ते बांधणाऱ्या माणसाची कहाणी आपल्या धर्मग्रामातल्या लहानथोरांना ठाऊक असावी असे मला वाटते. या माणसाचे नाव जेम्स स्किनर. हिंदुस्थानी फौजेत त्याला सिकंदर साहेब म्हणत. त्याच्या शिपाईगिरीची सुरुवात झाली ती मराठ्यांच्या सैन्यात.

जेम्सचा जन्म १७७८ सालचा. वडील हर्क्युलिस स्किनर हे स्कॉटिश, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी. आई एका राजपूत जमीनदाराची मुलगी. तीन मुलगे व तीन मुली असा संसार होता. पुढे मुलींना पडद्याबाहेर काढून शाळेत घालायचे वडिलांनी ठरविले. आपल्या कुळाची अब्रू गेली असे मानून आईने १७९० मध्ये स्वतःचा जीव दिला. जेम्स तेव्हा बारा वर्षांचा होता.

मुलाला शिपाई व्हायचे होते. पण १७९१ मध्ये कंपनीने हुकूम काढला की, आई हिंदी असेल त्या मुलाला कंपनीच्या मुलकी व लष्करी नोकरीत घ्यायचे नाही. १७९५ मध्ये नियम आणखी कडक झाला. आई आणि वडील दोघेही युरोपियन नसतील, तर त्या मुलाने फौजेत फार तर बासरी किंवा ढोल वाजवावा, घोड्यांना नाल ठोकावेत. लढणाऱ्या शिपायाची जागा त्याच्यासाठी नाही. वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी आणि मुलाला त्याच फौजेचे दार बंद!

मग वडिलांनी त्याला कलकत्त्यात एका छापखान्यात सात वर्षांच्या कराराने उमेदवारीला लावले. तिसऱ्याच रात्री पोरगा पळाला. खिशात चार आणे होते. ते संपल्यावर बाजारात हमाली केली, सुताराच्या हाताखाली राबला. थोरल्या बहिणीच्या घरच्या नोकराने त्याला ओळखले, म्हणून तो घरी परतला. अखेर कर्नल बर्न नावाचे त्याचे धर्मपिता मदतीला आले. त्यांनी चिठ्ठी दिली ती शिंद्यांच्या फौजेचे सेनापती डी बॉयन यांच्या नावे. (धर्मपिता होणे म्हणजे स्नानसंस्काराच्या दिवशी मेणबत्ती धरून फोटो काढणे नव्हे, हे जाता जाता सांगतो.)

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्यामागे दौलतराव गादीवर होते. त्यांची उत्तरेतली कवायती पायदळ पलटण फ्रेंच पद्धतीने तयार झालेली होती. तेथे जेम्सला दीडशे रुपये पगारावर निशाणाचा अधिकारी म्हणून नेमले गेले. कंपनीने ज्याला ढोल वाजवायला सांगितले असते, त्याला मराठ्यांनी तलवार दिली.

सन १८००. करौलीच्या राजाच्या मदतीला स्किनरची पलटण पाठविली गेली होती. समोर उनियाराचा राजा होता. करौलीकराकडे फौजेला द्यायला पैसा नव्हता. त्याच्या लोकांनी ऐन वेळी पाठ फिरविली आणि स्किनरची पलटण एकटी उरली. माघार घेताना एका स्वाराची गोळी त्याच्या जांघेत लागली व तो कोसळला. दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा आजूबाजूला प्रेते आणि कण्हणारे जखमी पडलेले होते. अंगावर विजारीखेरीज कपडा उरला नव्हता, दिवसा ऊन आणि रात्री कोल्हे. त्या स्थितीत त्याने देवाला नवस केला की, वाचलो तर तुझ्यासाठी मंदिर बांधीन.

त्यानंतर एक म्हातारा आणि एक म्हातारी टोपली व पाण्याचे मडके घेऊन रणात आली. दोघेही चांभार समाजातली. म्हातारी प्रत्येक जखमी माणसाजवळ जाऊन ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी देत होती. कोण कोणाच्या बाजूने लढला हे तिने विचारले नाही. जेम्सने भाकर खाल्ली, पाणी प्यायले. त्याच्या शेजारी एक राजपूत सुभेदार पडला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली तुटला होता, घसा कोरडा पडला होता. त्याने पाणी नाकारले. थोड्याच घटका उरल्या असताना जात कशाला बाटवायची, असा त्याचा विचार.

येथे मला थांबावेसे वाटते. पाणी मागणारा येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री आपण उपासनेत ऐकतो. त्या गोष्टीत पाणी देणाऱ्या स्त्रीलाच आश्चर्य वाटते की, हा यहुदी माणूस माझ्या हातचे कसे मागतो? उनियाराच्या रणात ती विहीर पुन्हा दिसते. सुभेदाराला हसू नका. लग्नाची चौकशी करायला माझ्याकडे येणारी आपली काही मंडळी मुलाचा पगार विचारण्याआधी तो मूळचा कोणातला ते विचारतात, आणि मुलीचा रंगही. स्नानसंस्काराचे पाणी सगळ्यांच्या डोक्यावर एकाच कुंडातले पडलेले असते.

जेम्स वाचला. त्या म्हातारीला त्याने पुढे हजार रुपये पाठविले आणि मी तुला आईच्या जागी मानतो असा निरोप दिला. राजपूत आई गमावलेल्या मुलाने चांभार आई जोडली.

१८०३ मध्ये इंग्रज व शिंदे यांच्यात युद्ध पेटले. डी बॉयननंतर आलेला फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रजी रक्ताचे अधिकारी फौजेतून काढून टाकले. त्यात स्किनरही गेला. मला राहायचे आहे, असे तो विनवीत होता. पण पेराँने विश्वास ठेवला नाही. म्हणजे इंग्रजांना तो हिंदी म्हणून नको होता, आणि आता शिंद्यांच्या छावणीत इंग्रज म्हणून नकोसा झाला. नाइलाजाने तो लॉर्ड लेककडे गेला. पण जुन्या धन्यावर, दौलतरावांवर, शस्त्र उचलणार नाही ही अट घालून. दिल्ली पडल्यावर शिंद्यांकडचे सुमारे दोन हजार घोडेस्वार इंग्रजांकडे आले. तुमचा सरदार कोण हवा, असे विचारल्यावर त्यांनी एकमुखाने सिकंदर साहेबाचे नाव घेतले. पिवळ्या अंगरख्यांचे ते रिसाले स्किनर्स हॉर्स म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे होळकरांविरुद्धच्या मोहिमांत ते इंग्रजांच्या बाजूने लढले. मराठी वाचकाला हे रुचणार नाही. मलाही रुचत नाही, पण चरित्र सांगताना ते गाळता येत नाही.

लेक मायदेशी जायच्या सुमारास कंपनीने काटकसर सुरू केली व रिसाले मोडले. लेकने देऊ केलेली जहागीरही मिळेना. कारण काय, तर स्किनर ब्रिटिश प्रजा आहे, ब्रिटिश प्रजेला जमीन देता येत नाही. मग लष्करातला कायम हुद्दा द्या, तर आई हिंदी! सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्हाला एक नियम घोकावा लागे : एखादी गोष्ट एक तर आहे किंवा नाही, तिसरा पर्याय नाही. कंपनीच्या कारकुनांनी मात्र तिसरा पर्याय शोधला. जेथे काही द्यायचे असेल तेथे हा माणूस दोन्हीही नाही! मराठ्यांकडे भेदभाव असला तरी इंग्रजांकडे रंग व जात पाहिली जाणार नाही, या समजुतीने आपण आलो आणि फसलो, अशी खंत त्याने आपल्या आठवणींत नोंदविली आहे.

तो खचला नाही. रिसाले पुन्हा उभे राहिले, हरियाणात हांसी हे त्यांचे ठाणे झाले, १८१४ पर्यंत स्वार तीन हजारांवर गेले. जमीन मिळाली. १८२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाकडून लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आणि सी. बी. हा किताब आला. तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती. ज्या दारातून सतराव्या वर्षी आत जायचे होते, ते उघडायला एवढी वर्षे लागली.

त्याचा संसार आपल्या संस्कारांच्या चौकटीत बसणारा नव्हता. घरात अनेक स्त्रिया होत्या. तो संत नव्हता आणि स्वतःला तसे समजतही नव्हता. पण उनियाराचा नवस तो विसरला नाही. स्वतःच्या खर्चाने बांधलेले चर्च २१ नोव्हेंबर १८३६ रोजी बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते समर्पित झाले. नवस आणि त्याची पूर्तता यांत छत्तीस वर्षे गेली होती.

४ डिसेंबर १८४१ रोजी हांसी येथे सिकंदर साहेबाचे निधन झाले. आपल्याला चर्चच्या उंबरठ्याखाली पुरावे, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाचा पाय या पापी माणसावर पडेल, अशी इच्छा तो बोलून दाखवीत असे. जानेवारी १८४२ मध्ये त्याचा देह हांसीहून दिल्लीला नेला, तेव्हा लोकांनी त्याचे ऐकले नाही. त्यांनी त्याला आत, वेदीजवळ पुरले.