जेराल्ड आंजियर आणि मुंबईचे सेंट थॉमस मंदिर

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण कामधंद्यानिमित्त मुंबईस जातात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून हुतात्मा चौकाकडे व तेथून हॉर्निमन सर्कलच्या दिशेने चालू लागले, म्हणजे वाटेत एक पांढरे, जाड भिंतींचे, बुरुजाचे उपासनामंदिर लागते. त्याचे नाव सेंट थॉमस कॅथीड्रल. आजूबाजूच्या उंच इमारतींपुढे ते लहान दिसते व कित्येक जण त्याकडे न पाहताच पुढे जातात. परंतु इंग्रजांनी मुंबईत बांधलेल्या व आजही वापरात असलेल्या इमारतींमध्ये ही सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. पोर्तुगीजांची वांद्र्याची व वसईची कामे हिच्याहून जुनी आहेत. ती गोष्ट निराळी. सोलापूरचा किल्ला इसवी सन १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रो यांच्या फौजेने घेतला, तेव्हा या मंदिरात उपासना सुरू होऊन शंभर वर्षे होत आली होती. यावरून आपल्याकडील इंग्रजी अमदानीच्या जुन्यात जुन्या इमारतीही त्याच्या मानाने किती अलीकडच्या, हे ध्यानात येईल.

हे मंदिर बांधावे असा विचार ज्यांच्या मनात प्रथम दृढ झाला, त्या जेराल्ड आंजियर यांचे चरित्र आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. मुंबई शहराचा पाया घालणारा पुरुष म्हणून त्यांचे नाव इतिहासात प्रसिद्ध आहे.

आंजियर यांचे घराणे आयर्लंडात स्थायिक झालेल्या इंग्रज सरदारांपैकी होते. डब्लिन शहरातील एका मोठ्या रस्त्यास आजही या घराण्याचे नाव आहे. जेराल्ड तरुणपणीच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरून हिंदुस्थानात आले व सुरतेच्या वखारीत काम पाहू लागले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर कंपनीचे मुख्य ठाणे सुरत हेच होते.

मुंबई बेट इंग्रजांकडे कसे आले, हे बहुतेकांस ठाऊक असते. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह ठरला, त्या तहात पोर्तुगीजांनी हे बेट देऊ केले. प्रत्यक्ष ताबा १६६५ साली मिळाला. राजास या बेटाचा खर्च परवडेना, म्हणून १६६८ साली त्याने ते वर्षाकाठी अवघ्या १० पौंड खंडावर कंपनीस देऊन टाकले. त्या वेळचे बेट म्हणजे ताडामाडांच्या वाड्या, भातखाचरे, कोळीवाडे, खाजण आणि जीवघेणी हवा. सुरतेचे प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली वारले आणि त्यांच्या जागी आंजियर यांची नेमणूक झाली. सुरतेचे प्रेसिडेंट आणि मुंबईचे गव्हर्नर हे दोन्ही हुद्दे एकाच पुरुषाकडे असत. त्यामुळे वयाने तरुण असलेल्या या गृहस्थावर दोन ठाण्यांचा भार एकदमच येऊन पडला.

१६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने सुरत दुसऱ्यांदा लुटली. मोगलांच्या आश्रयाने चाललेला व्यापार किती अस्थिर आहे, हे त्या प्रसंगाने सिद्ध झाले. मुंबईच पुढे कंपनीचे खरे ठिकाण होणार, अशी आंजियर यांची खात्री होती. १६७२ साली ते मुंबईस राहावयास आले आणि सुमारे तीन वर्षे तेथेच राहिले. त्या तीन वर्षांत त्यांनी जे केले, त्यावरच त्यांची कीर्ती उभी आहे.

पहिले काम जमिनीचे. पोर्तुगीजांच्या वेळेपासून वाड्या व शेते धरून बसलेल्या रहिवाशांचे हक्क कोणते व कंपनीचे कोणते, याविषयी तंटे माजले होते. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने जमीन हिसकावून घ्यावी, अशी त्या काळची सर्वत्र रीत होती. आंजियर यांनी रहिवाशांस एकत्र बोलावून त्यांच्याशी करार केला. रहिवाशांनी मिळून दरसाल २०,००० अश्रफ्या द्याव्यात आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे निर्वेध राहाव्यात, असे त्यात ठरले. हा करार नोव्हेंबर १६७२ मध्ये झाला व पुढे दीर्घकाळ मुंबईच्या जमिनीच्या व्यवहारांस तोच आधार झाला.

दुसरे काम न्यायाचे. १६७२ च्या ऑगस्टात त्यांनी समारंभपूर्वक न्यायकचेरी उघडली व जॉर्ज विलकॉक्स यांस न्यायाधीश नेमले. त्या प्रसंगी त्यांनी जे भाषण केले त्याचा आशय असा होता की, न्यायासनापुढे इंग्रज, पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान असा भेद राहू नये, आणि गरिबास व परक्यासही येथे दाद मिळावी. लहानसहान तंटे ज्या त्या समाजाच्या पंचांनी मिटवावेत अशीही व्यवस्था त्यांनी लावली.

तिसरे काम वस्ती वाढविण्याचे. वाणी, पारशी, आर्मेनियन, विणकर, कारागीर अशा सर्वांस त्यांनी बोलावून घेतले आणि प्रत्येकास आपापल्या धर्माप्रमाणे चालण्याची मोकळीक दिली. दीव येथील निमा पारेख नावाच्या व्यापाऱ्यास मुंबईत येण्यापूर्वी आपल्या धर्माचे रक्षण होईल असे लेखी वचन हवे होते. तसे ते १६७७ साली देण्यात आले. आंजियर यांच्या कारकीर्दीत बेटावरील वस्ती १०,००० वरून ६०,००० वर गेली, असे डॉक्टर फ्रायर यांनी आपल्या प्रवासवृत्तात नोंदले आहे. त्या काळी कोणी डोकी मोजली नव्हती. परंतु वाढ मोठी झाली होती हे निश्चित.

संकटेही थोडी आली नाहीत. १६७३ च्या आरंभी डच सेनापती व्हान गोन्स मोठे आरमार घेऊन मुंबईसमोर आला. किल्ल्याचे काम अपुरे होते. आंजियर यांनी गोऱ्या शिपायांबरोबर बेटावरील जमीनदार व भंडारी लोकांस उभे केले. तयारी पाहून डच परत फिरले. ज्यांच्या जमिनी तीनच महिन्यांपूर्वी कराराने सुरक्षित झाल्या होत्या तेच लोक बेटासाठी उभे राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढील वर्षी, १६७४ च्या जून महिन्यात, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी आंजियर यांनी हेन्री ऑक्झिंडेन यांस वकील म्हणून पाठविले व महाराजांशी तह केला.

आता मंदिराकडे वळू. बेटावरील इंग्रजांची उपासना किल्ल्यातील एका दालनात होत असे. इतर सर्व समाजांस आपापली प्रार्थनास्थळे बांधू देणाऱ्या गव्हर्नरास आपल्या लोकांकरिता एक साधे मंदिरही नसावे, ही गोष्ट लागली असल्यास नवल नाही. त्यांनी वर्गणी जमविण्यास आरंभ केला. १६७५ साली प्रभुभोजनाकरिता चांदीचा एक प्याला त्यांनी स्वतः अर्पण केला. १६७६ साली मंदिराचा पाया घातला गेला. परंतु आंजियर त्यापूर्वीच सुरतेस परतले होते. मुंबईच्या हवेने व कामाच्या ओझ्याने त्यांची प्रकृती ढासळली होती. शिवाय विलायतेतील कंपनीचे धनी मुंबईवर होणाऱ्या खर्चाबद्दल सतत कुरकुर करीत. ३० जून १६७७ रोजी सुरतेस त्यांचा अंत झाला. त्याच शहरातील इंग्रजांच्या कबरस्तानात ऑक्झिंडेन बंधूंची भव्य घुमटाची कबर आजही पाहावयास मिळते. तिच्याजवळची नाव नसलेली एक कबर आंजियर यांची मानतात. ज्याने शहर वसविले त्याच्या कबरेवर त्याचे नाव नाही.

मंदिराचे काय झाले? भिंती सुमारे १५ फूट उंच आल्या आणि काम थांबले. जमलेली वर्गणी ५,००० पौंडांहून अधिक होती. ती पुढे गव्हर्नर झालेल्या सर जॉन चाइल्ड यांनी गिळंकृत केली, असे अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी प्रवाशाने लिहून ठेवले आहे. काही असो, पैसा गेला आणि भिंती राहिल्या. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर स्वारी केली. रोगराईने वस्ती रोडावली. जवळजवळ चाळीस वर्षे त्या छपराविना भिंती ऊनपाऊस सोसत होत्या, आणि येणारे-जाणारे त्यांकडे पाहून इंग्रजांच्या धर्मनिष्ठेचे माप घेत होते.

१७१४ साली रिचर्ड कॉब नावाचे पाळक मुंबईस आले. त्या पडक्या भिंती पाहून त्यांस लाज वाटली. पुढील वर्षी त्यांनी एका उपदेशात ही गोष्ट मंडळीपुढे स्पष्ट मांडली व लगेच वर्गणीची यादी केली. १७१५ च्या अखेरीस कामास आरंभ झाला आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या उपस्थितीत पहिली उपासना झाली. रामाजी कामत, ज्यांस इंग्रज कागदपत्रांत रामा कामाठी म्हटले आहे, हे मुंबईतील मोठे सारस्वत व्यापारी आपल्या जातबांधवांसह त्या दिवशी आले होते आणि उपासना संपेपर्यंत आदराने उभे राहिले, असे स्वतः कॉब यांनी नमूद केले आहे. याच रामाजींनी वाळकेश्वराचे देवालय १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधविले. एक मंदिर बांधणारा दुसऱ्या मंदिराच्या आनंदात सामील झाला. आंजियर यांच्या मनातील मुंबई ती हीच.

येथे ही कथा संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु सत्य सांगितले पाहिजे. दोनच वर्षांनी, १७२० साली, त्याच गव्हर्नर बून यांच्या अमदानीत रामाजींवर कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा खटला भरण्यात आला. त्यांच्या कारकुनास छळून जबानी घेतली गेली, पत्रे पुराव्यास पुढे आली, आणि रामाजींस जन्मठेप होऊन त्यांची मालमत्ता जप्त झाली. १७२८ साली ते बंदिवासातच मरण पावले. ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघडकीस आले. आंजियर यांचे मंदिर ज्यांनी पुरे केले त्यांच्याच हातून आंजियर यांचा न्याय मोडला गेला.

मंदिर मात्र टिकले. किल्ल्याच्या तटास त्याच्या दिशेने जो दरवाजा होता त्यास चर्चगेट म्हणू लागले. तट १८६० नंतरच्या वर्षांत पाडला गेला, तरी दरवाजाचे नाव आगगाडीच्या स्टेशनास राहिले आहे. शहरातील मैलांचे दगडही या मंदिरापासून अंतर मोजून रोवले होते. १८३७ साली यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. त्याची जुनी बांधणी न बिघडविता केलेल्या दुरुस्तीबद्दल २००४ साली युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले.

वाचकहो, आंजियर यांनी दोन पाये घातले. एक दगडाचा. त्यावरील काम चाळीस वर्षे अडले, तरी वर्गणी नव्याने जमविणारा व हिशेब ठेवणारा माणूस मिळताच ते तीन वर्षांत पुरे झाले. दुसरा पाया सर्वांस सारख्या न्यायाचा. त्यावरील भिंत एकाच खटल्यात कोसळली, आणि रामाजींपुरती ती पुन्हा कधीच उभी राहिली नाही. आमच्या कित्येक गावांतही अर्ध्यावर राहिलेली मंदिरे आहेत, व ती पुरी व्हावीत अशी सर्वांची इच्छा असते. ती जरूर पुरी करावीत. परंतु ज्या पंचांच्या हाती वर्गणी देतो त्यांच्याच हाती गावातील गरिबाचा तंटाही जातो, याचे विस्मरण न व्हावे. मुंबईचे हे जुने मंदिर पाहावयास जाल तेव्हा त्याच्या भिंतींबरोबर दाराशी आदराने उभ्या राहिलेल्या रामाजी कामतांचीही आठवण करावी.