जॉक याब्लॉन्स्की : कामगारांच्या मतासाठी झुंजलेला खाणकामगार

निवडणुकीचा निकाल लागून तीन आठवडे उलटले होते. पराभूत उमेदवाराने निकाल मान्य करण्यास नकार दिला होता आणि न्यायालयाचे तसेच सरकारचे दरवाजे ठोठावले होते. ३१ डिसेंबर १९६९ च्या पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या क्लार्क्सव्हिल या छोट्या गावात तिघे मारेकरी त्याच्या घरात शिरले. जोसेफ ऊर्फ जॉक याब्लॉन्स्की, त्यांच्या पत्नी मार्गारेट आणि पंचवीस वर्षांची कन्या शार्लट यांना त्यांनी झोपेतच गोळ्या घातल्या. पाच दिवस कोणालाच काही कळले नाही. ५ जानेवारीला मुलगा केनेथ घरी आला, तेव्हा ही घटना उघडकीस आली.

हा वाद देशाच्या सत्तेचा नव्हता. एका कामगार संघटनेच्या अध्यक्षपदाचा होता. प्रचारपत्रके टपालाने कोणी पाठवायची, संघटनेच्या मुखपत्रात कोणाची छायाचित्रे छापायची, मतपत्रिका किती छापायच्या, अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांवरून तो पेटला होता. या किरकोळ प्रश्नांतच कामगाराच्या मताची किंमत दडलेली आहे, हे याब्लॉन्स्की यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

खाणीतून कार्यकारिणीत

जॉक यांचा जन्म ३ मार्च १९१० रोजी पिट्सबर्ग येथे झाला. आई-वडील पोलंडहून आलेले. त्या भागातील बहुतेक मुलांप्रमाणे तेही कोवळ्या वयातच कोळशाच्या खाणीत उतरले. खाणीतील स्फोटात वडिलांचा मृत्यू झाला आणि खाणकामगारांची सुरक्षितता हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय बनला. ‘युनायटेड माइन वर्कर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेत १९३४ मध्ये ते पहिल्यांदा पदावर निवडून आले. १९४० मध्ये ते मध्यवर्ती कार्यकारिणीत गेले आणि १९५८ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातील पाचव्या विभागाचे अध्यक्ष झाले.

ही संघटना म्हणजे जॉन एल. लुईस यांचे साम्राज्य होते. १९२० पासून १९६० पर्यंत सलग चाळीस वर्षे ते अध्यक्ष होते. त्यांनी कामगारांना वेतन, निवृत्तिवेतन आणि दवाखाने मिळवून दिले. मात्र संघटनेतील लोकशाहीची मुळे त्यांच्याच काळात सुकली. बहुतेक विभागांत पदाधिकारी निवडून येत नसत, वरून नेमले जात. १९६३ मध्ये अध्यक्षपद डब्ल्यू. ए. ऊर्फ टोनी बॉईल यांच्या हाती आले. लुईस यांचा दरारा त्यांच्याकडे नव्हता; त्यांची नेमणुकांची यंत्रणा मात्र त्यांना आयती मिळाली.

याब्लॉन्स्की हे काही जन्मजात बंडखोर नव्हते. ते याच यंत्रणेत वाढले होते आणि बॉईल यांची जाहीर स्तुती करणाऱ्यांत त्यांचाही समावेश होता. साठच्या दशकाच्या मध्यास बॉईल यांनी त्यांना विभागाच्या अध्यक्षपदावरून दूर केले, तरी ते संघटनेतच राहिले. विरोधकांनी पुढे याच गोष्टीवर बोट ठेवले. परंतु यंत्रणा कशी चालते हे आतून ठाऊक असलेला माणूसच तिला आव्हान देऊ शकत होता.

फार्मिंग्टनचा स्फोट

२० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथील खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मृत्युमुखी पडले. बॉईल तेथे गेले आणि त्यांनी खाण कंपनीच्या सुरक्षाविषयक कामगिरीची प्रशंसा केली. शोकाकुल कुटुंबांच्या जखमेवर मीठ चोळणारा हा प्रकार होता. त्यानंतर काही महिन्यांतच, १९६९ च्या फेब्रुवारीत, वेस्ट व्हर्जिनियातील हजारो कामगार नेतृत्वाला न जुमानता संपावर गेले. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी करणाऱ्या ‘ब्लॅक लंग’ या रोगाची भरपाई द्या, ही त्यांची मागणी होती. कामगार पुढे गेले आणि नेतृत्व मागे राहिले, हे आता लपून राहिले नव्हते.

२९ मे १९६९ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, याब्लॉन्स्की यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. खाणीतील सुरक्षितता, विभागांना आपले पदाधिकारी निवडण्याचा हक्क आणि संघटनेच्या पैशाचा चोख हिशेब, हे त्यांच्या प्रचाराचे मुद्दे होते.

नियमांची लढाई

उमेदवारी जाहीर होताच नियमांवरून संघर्ष सुरू झाला. उमेदवाराला किमान ५० स्थानिक शाखांचा पाठिंबा मिळवणे आवश्यक होते. खाणी अनेक राज्यांत विखुरलेल्या. सभासदांचे पत्ते मात्र एकाच ठिकाणी, संघटनेच्या मुख्यालयात, म्हणजेच बॉईल यांच्या ताब्यात.

अमेरिकेत १९५९ मध्ये संमत झालेल्या लँड्रम-ग्रिफिन कायद्याने संघटनांच्या निवडणुकांना काही बंधने घातली होती. उमेदवाराची प्रचारपत्रके त्याच्या खर्चाने सभासदांना पाठवणे संघटनेवर बंधनकारक होते. संघटनेचा पैसा कोणाच्याही प्रचारासाठी वापरण्यास मनाई होती. मतदान व मतमोजणीच्या वेळी उमेदवाराचा निरीक्षक हजर राहू शकत होता. कागदावर पाहिले तर एखाद्या आचारसंहितेला शोभावे असे सारे काही त्यात होते.

प्रत्यक्षात संघटनेने पत्रके पाठवण्यास नकार दिला. याब्लॉन्स्की यांचे वकील जोसेफ राऊ न्यायालयात गेले आणि पत्रके पाठवण्याचा आदेश मिळवून आले. बॉईल यांनी याब्लॉन्स्की यांना संघटनेच्या राजकीय शाखेच्या हंगामी संचालकपदावरून हटवले. ही उमेदवारीची शिक्षा आहे, हा त्यांचा दावा मान्य करून न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवले. संघटनेचे मुखपत्र अंकामागून अंक अध्यक्षांच्या गौरवाने भरलेले असे. प्रतिस्पर्ध्याला त्यात जागा नव्हती. त्याविरुद्धही न्यायालयात धाव घ्यावी लागली.

त्यातच ११ जून १९६९ रोजी लुईस यांचे निधन झाले. त्याच महिन्यात बॉईल यांनी निवृत्त खाणकामगारांचे मासिक निवृत्तिवेतन ११५ डॉलरवरून १५० डॉलर करवून घेतले. निवृत्तांना मताचा अधिकार होता आणि त्यांची संख्या मोठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या औदार्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे प्रचारासाठी गेलेल्या याब्लॉन्स्की यांना मागून प्रहार करून बेशुद्ध पाडण्यात आले.

कायद्याची खरी मर्यादा याच वेळी उघडी पडली. पत्रकांच्या बाबतीत उमेदवार मतदानापूर्वीच न्यायालयात जाऊ शकत होता. बाकीच्या बहुतेक गैरप्रकारांसाठी मार्ग लांबचा होता. आधी निवडणूक होऊ द्यायची, मग संघटनेकडेच दाद मागायची, तिने तीन महिन्यांत निर्णय दिला नाही तर सरकारच्या कामगार खात्याकडे तक्रार करायची आणि तथ्य आढळल्यास कामगारमंत्र्यांनी दावा दाखल करायचा. गैरप्रकारांमुळे निकालावर परिणाम झाला असण्याची शक्यता दिसली, तरच न्यायालय निवडणूक रद्द करणार. राऊ यांनी जुलैमध्येच कामगारमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे चौकशीची मागणी केली. निवडणूक पार पडल्याशिवाय हस्तक्षेप करायचा नाही, ही खात्याची भूमिका त्यांनी सोडली नाही.

९ डिसेंबरला मतदान झाले. बॉईल यांना ८०,५७७ आणि याब्लॉन्स्की यांना ४६,०७३ मते मिळाली. १८ डिसेंबरला याब्लॉन्स्की यांनी कामगार खात्याकडे चौकशीची मागणी केली. संघटनेविरुद्धच्या त्यांच्या दाव्यांची संख्या पाचवर गेली. सुमारे ५१ हजार मतपत्रिका जादा छापल्याचा आणि संघटनेचा निधी बॉईल यांच्या प्रचारासाठी वापरल्याचा त्यांचा आरोप होता.

३० डिसेंबरला अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कोळसा खाणींतील आरोग्य व सुरक्षितता कायद्यावर स्वाक्षरी केली. फार्मिंग्टनच्या बळींनी आणि ब्लॅक लंगच्या संपाने घडवून आणलेला हा कायदा होता. दुसऱ्या दिवसाची पहाट याब्लॉन्स्की यांनी पाहिली नाही.

मरणोत्तर न्याय

मृतदेह सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वेस्ट व्हर्जिनियातील सुमारे २० हजार खाणकामगारांनी एक दिवसाचा संप केला. अंत्यसंस्कार आटोपल्यावर काही तासांतच याब्लॉन्स्की यांचे सहकारी चर्चच्या तळघरात जमले. ‘मायनर्स फॉर डेमोक्रसी’ ही चळवळ त्यातूनच उभी राहिली.

मारेकरी लवकर सापडले, याचे श्रेयही काही अंशी मृताकडेच जाते. हत्येपूर्वी घराभोवती घुटमळणाऱ्या संशयास्पद मोटारीचा क्रमांक याब्लॉन्स्की यांनी कागदावर टिपून ठेवला होता. त्या धाग्यावरून तपास पुढे सरकला आणि मारेकऱ्यांकडून संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला. हत्येसाठी दिलेले २० हजार डॉलर संघटनेच्याच निधीतून, बनावट कामाच्या नावाखाली काढलेले होते. संशय येऊ नये म्हणून हत्या निवडणुकीनंतर करण्याचे ठरले होते, हेही निष्पन्न झाले. १९७४ मध्ये बॉईल दोषी ठरले. तो निकाल रद्द होऊन १९७८ मध्ये फेरखटल्यात ते पुन्हा दोषी ठरले. १९८५ मध्ये शिक्षा भोगत असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

हत्येनंतर कामगार खात्याने दोनशेहून अधिक तपास अधिकारी कामाला लावले. जुलैमध्ये मागितलेली चौकशी जानेवारीत आली. मार्च १९७० मध्ये सरकारने निवडणूक रद्द करण्यासाठी दावा दाखल केला. याब्लॉन्स्की यांचे प्रचारप्रमुख माइक ट्रबोविच यांना या दाव्यात सहभागी व्हायचे होते. सामान्य सभासदाला तो हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७२ मध्ये दिला. अखेर १ मे १९७२ रोजी न्यायाधीश विल्यम ब्रायंट यांनी १९६९ ची निवडणूक रद्दबातल ठरवली. मुखपत्राचा प्रचारासाठी झालेला वापर आणि संघटनेच्या पैशाचा गैरवापर त्यांनी मान्य केला. त्या दिवशी जागतिक कामगार दिन होता, हा योगायोगच म्हणायचा.

फेरनिवडणूक डिसेंबर १९७२ मध्ये कामगार खात्याच्या देखरेखीखाली झाली. या वेळी मुखपत्रात दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाली आणि निरीक्षकांना प्रवेश मिळाला. ब्लॅक लंगने ग्रासलेले माजी खाणकामगार आर्नोल्ड मिलर यांना ७०,३७३, तर बॉईल यांना ५६,३३४ मते पडली. संघटना तीच आणि बॉईलही तेच. तरीही तीन वर्षांपूर्वीचे ३४ हजारांहून अधिकचे मताधिक्य उलटून ते चौदा हजारांनी पराभूत झाले. एका हत्याकांडाने आणि आर्थिक घोटाळ्यांच्या चर्चेने कामगारांचे मन पालटले होते, हे खरेच. पण पालटलेले मन मतपेटीपर्यंत सुरक्षित पोहोचले ते नियम पाळले गेल्यामुळे.

मिलर यांच्या कारकिर्दीत विभागांना पदाधिकारी निवडण्याचा आणि सभासदांना वेतन करार मंजूर वा नामंजूर करण्याचा हक्क मिळाला. पुढे सुधारकांमध्येच फाटाफूट झाली. मिलर आणि ट्रबोविच एकमेकांपासून दुरावले आणि १९७९ मध्ये मिलर यांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले. नियमांमुळे चांगला नेता मिळेलच याची हमी नसते. नको असलेला नेता रक्तपाताविना बदलण्याची सोय मात्र त्यांमुळे होते.

१९५९ च्या कायद्याची मूळ चौकट आजही कायम आहे. आधी मतदान, मग तक्रार, हाच क्रम बहुतेक वादांना आजही लागू होतो. त्यामागे युक्तिवाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. सरकारने संघटनांच्या कारभारात ऊठसूट नाक खुपसू नये, हे कामगार चळवळीनेच मागितले होते. परंतु पत्त्यांची यादी, मुखपत्र आणि तिजोरी तिन्ही एकाच उमेदवाराच्या हाती असतील, तर निकालानंतरचा न्याय हा उशिराचाच न्याय ठरतो. याब्लॉन्स्की यांनी मागितलेले जवळजवळ सारे काही व्यवस्थेने मान्य केले. त्यासाठी तिला तीन वर्षे लागली आणि तोवर ते मागणारा माणूस, त्याची पत्नी व मुलगी यांपैकी कोणीही उरले नव्हते.