डॉ. होमी भाभा
डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म १९०९ सालीं मुंबईस झाला. त्यांच्या आत्या मेहरबाई टाटा १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या; पुढें टाटांच्या देणगीनें परळास १९४१ मध्यें कर्करोगाचें रुग्णालय निघालें. केंब्रिजला यंत्रविद्या शिकावयास गेलेले होमी अणुविज्ञानांत रमले. १९६२ सालीं तें रुग्णालय त्यांच्या अणुशक्तिखात्याकडे आलें. अणुखात्यास इस्पितळ कशाला, असें कोणासही वाटावें! १९६६ सालीं विमान-अपघातांत ते वारले. उत्तर मागाहून मिळालें. त्याच संस्थेच्या खारघर येथील शाखेंत २०२३ पासून प्रोटॉन-किरणोपचार होतो. कवटीच्या तळाशीं, दृष्टीच्या मज्जातंतूस लागून वाढलेली दुर्मिळ गांठ शस्त्रानें समूळ निघणें कठीण. प्रोटॉन आपली बहुतेक शक्ति गांठींतच टाकून थांबतो, पलीकडील मेंदु वांचतो. त्यासाठीं अकोला-अमरावतीचा रोगी आतां मुंबईची गाडी धरूं शकतो.