होमी भाभा आणि दोन कणांची टक्कर

होमी भाभा म्हटलं की आपल्याला तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी आठवते. कणभौतिकीचे अभ्यासक मात्र त्यांचं नाव आधी घेतात ते ‘भाभा स्कॅटरिंग’साठी. काय आहे ही भानगड?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. मुलानं इंजिनीअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं, असं वडिलांच्या मनात होतं. केंब्रिजला गेलेल्या होमींचा जीव भौतिकशास्त्रात अडकला. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनीअरिंगमध्ये प्रथम वर्ग मिळव, मग गणिताचं शिक्षण देतो. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली.

१९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला. हा इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, पण धन प्रभाराचा कण. या दोघांची टक्कर झाली तर काय होईल? एक शक्यता अशी, की दोघं एकमेकांना वळवून पुढे निघून जातील. दुसरी शक्यता अशी, की दोघं नष्ट होतील आणि त्यांच्या ऊर्जेतून नवी जोडी जन्माला येईल. शेवटी हाती येतात तेच दोन कण, त्यामुळे ते कोणत्या वाटेनं आले हे ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही वाटा एकत्र धरूनच हिशेब करावा लागतो. भाभांनी तो केला. १९३६ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत वैश्विक किरणांतल्या कणांचा पाऊस कसा पडतो, हे गणितानं मांडलं. वेगवान इलेक्ट्रॉनमधून गॅमा किरण, त्यातून नवी जोडी, त्या जोडीतून पुन्हा गॅमा किरण, अशी ती साखळी. या पावसासोबत येणारे म्युऑन नावाचे कण तर राळेगावच्या शिवारातही पोचतात. तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो, आपल्याला कळतही नाही.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच अडकले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करताना त्यांनी इथेच राहायचं ठरवलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ सुरू झाली. संस्था वाढत गेल्या, तसा स्वतःच्या गणितासाठीचा त्यांचा वेळ आटत गेला. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचं ते गणित मात्र अजून कामात आहे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळवणाऱ्या यंत्रांत एकूण टकरी किती झाल्या, हे भाभा स्कॅटरिंगच्या घटना मोजून काढतात. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधल्या ‘लेप’ यंत्रातही हेच माप वापरलं गेलं.