नामदार गोखले आणि आमची रेल्वे

आमच्या धाराशिवला रेल्वे आली ती फार उशिरा. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी शहराला बगल देऊन येडशीवरून लातूरकडे जाई. शहरातून रुंद मार्ग जायला 2008 साल उजाडले. त्यामुळे नामदार गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात रेल्वेच्या खर्चावर टीका करीत असत, हे प्रथम वाचले तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव 15 रुपयांच्या नोकरीतून 8 रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडीत. (वसतिगृहात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगावयास नको.) 1884 साली ते बी. ए. झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक.

1902 साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सभासदांना तेव्हा अंदाजपत्रकावर मतदानाचा अधिकारच नव्हता. बोलायचे आणि खाली बसायचे. सरकार 7 कोटींची शिल्लक मिरवीत होते. नुकताच दुष्काळ सोसलेल्या देशात ही शिल्लक समृद्धीची नसून जादा करांची आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. ही शिल्लक रेल्वेकडे वळते आणि शाळा, पाटबंधारे, गावचे आरोग्य मात्र ताटकळत राहते, हे त्यांचे दुखणे. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. गटारे आणि नळ यांचा हिशेब त्यांना ऐकीव नव्हता. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून 1907 पर्यंत एक रुपयावर आला, त्यात त्यांच्या चिकाटीचा वाटा मोठा.

16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती करायची की नाही हे नगरपालिकांनी व लोकल बोर्डांनी ठरवावे, खर्चाचे दोन हिस्से सरकारने उचलावेत, अशी बेताची मागणी. 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. संमत झाले असते तरी आमच्या जिल्ह्याला लाभले नसते. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. 19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले वारले.

त्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी पुढे दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडीत. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक तरुण नंतर आमच्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक झाला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याला रेल्वे नव्हती, शाळा होती.