गाउसचे मास्तर

गणिताच्या शिक्षकाजवळ वर्गात सांगण्याजोग्या गोष्टी फार थोड्या असतात. त्यांतली एक मी इथे बडोद्यात सदतीस वर्षे न चुकता सांगत आलो. जर्मनीतल्या एका शाळेत मास्तरांनी एक ते शंभर या आकड्यांची बेरीज घातली. मुले पाट्या खरडत बसली. आणि नऊ-दहा वर्षांच्या एका पोराने क्षणात उत्तर लिहून आपली पाटी टेबलावर ठेवली. पहिला व शेवटचा आकडा मिळून १०१, दुसरा व शेवटून दुसरा मिळूनही १०१, अशा पन्नास जोड्या. म्हणून बेरीज ५०५०. तो मुलगा म्हणजे पुढे गणितज्ञांचा राजा म्हणून गाजलेला कार्ल फ्रीडरिख गाउस. मुले खूष होत आणि मी पुढच्या उदाहरणाकडे वळे. गोष्टीचा मोलाचा भाग इथून पुढेच सुरू होतो, हे निवृत्तीनंतर त्याचे चरित्र सावकाश वाचताना माझ्या ध्यानात आले.

गाउसचा जन्म १७७७ सालचा, ब्राउनश्वाइग या लहानशा जर्मन संस्थानाच्या राजधानीतला. बाप कधी बागकाम करी, कधी गवंडीकाम. आई लग्नापूर्वी मोलकरीण होती; तिला लिहिता येत नसे. मुलाची जन्मतारीख तिने टिपून ठेवली नव्हती. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, बुधवारी, एवढेच तिच्या लक्षात होते. आपल्याकडच्या आज्या नातवाचा जन्म संक्रांतीच्या की शिमग्याच्या आसपासचा म्हणून सांगत, तसेच हे. पुढे गाउसने ईस्टरची तारीख काढण्याची रीत बसवली आणि तिच्या आधारे स्वतःचा जन्मदिवस शोधला : ३० एप्रिल.

सातव्या वर्षी तो शाळेत गेला. ब्यूटनर नावाचे मास्तर, ठेंगणी खोली, शंभराच्या आसपास मुले आणि मास्तरांच्या हाती चाबूक. ज्याचे गणित आधी होईल त्याने पाटी टेबलावर ठेवायची, पुढच्याने तीवर आपली, असा रिवाज होता. ही हकीकत गाउस स्वतः म्हातारपणी आवडीने सांगे. त्याच्या मृत्यूनंतर १८५६ साली त्याच्या एका स्नेह्याने ती लिहून ठेवली. त्या मूळ लेखात एक ते शंभर हे आकडे नाहीत, नुसती एक श्रेढी आहे; शंभराचा आकडा मागाहूनच्या लेखकांनी घातला. ते काही असो, ते गणित शंभर पोरांना तासभर गुंतवून ठेवण्यासाठी घातलेले होते. त्यात शिकवणे असे काही नव्हतेच.

शिकवणे त्यानंतर सुरू झाले. या मुलाला देण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, हे त्या चाबूकवाल्या मास्तरांनी ओळखले आणि त्याच्यासाठी हँबुर्गहून वरच्या पायरीचे अंकगणिताचे पुस्तक मागवले. बापाला बोलावून, मुलाला रोज संध्याकाळी जे सूत कातावे लागे त्यातून मोकळीक मिळवून दिली. शाळेत बार्टेल्स नावाचा एक तरुण मदतनीस होता. तो गाउसहून आठ वर्षांनी मोठा. लहान मुलांच्या लेखण्या तासून देणे हे त्याचे काम. हा पोऱ्या आणि तो मदतनीस एका पुस्तकावर डोकी एकत्र करून बीजगणित शिकू लागले, द्विपद प्रमेय आणि अनंत श्रेढी इथपर्यंत पोचले. एक गुरू नि एक शिष्य असे ते नव्हतेच. दोघे मिळून अडत, दोघे मिळून सुटत.

तिथून हा मुलगा हातोहात पुढे गेला. झिमरमन नावाच्या प्राध्यापकांनी त्याला १७९१ साली संस्थानाधिपती कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यांच्यापुढे उभे केले आणि त्या राजाने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. १७९५ साली गाउस गटिंगेनच्या विद्यापीठात गेला, ते दुसऱ्या राज्यात होते. तरी मदत थांबली नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडले, हे ज्या शहराला ठाऊक आहे तिथे याचे मोल निराळे सांगायला नको.

पुढचे यश सर्वश्रुत आहे. १७९६ च्या मार्चमध्ये, एकोणिसावे वर्ष पुरे होण्याआधी, सतरा बाजूंची समभुज आकृती केवळ पट्टी व कंपास घेऊन काढता येते हे त्याने सिद्ध केले. ग्रीकांनंतर दोन हजार वर्षे हे कोणाला सुचले नव्हते. १८०१ साली त्याचा संख्याशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ निघाला, तो त्याने आपल्या राजाला अर्पण केला. त्याच वर्षी दिसून हरवलेला सेरेस हा लघुग्रह त्याने मांडलेल्या गणितामुळे पुन्हा सापडला. १८०६ साली राजा नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन वारला. गाउस पुढच्या वर्षी गटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि २३ फेब्रुवारी १८५५ रोजी मरेपर्यंत तिथेच राहिला.

परंतु हाच मनुष्य शिकवण्याचा कंटाळा करी. विद्यापीठातला त्याचा मित्र फार्काश बोयाई याने १८१६ साली, माझ्या हुशार मुलाला तुझ्या घरी ठेवून शिकव, अशी विनंती केली. गाउसने उत्तर धाडले नाही. तो मुलगा यानोश मोठा झाला आणि त्याने युक्लिडहून निराळी भूमिती रचली. ती वाचून गाउसने १८३२ साली मित्राला कळवले की याची स्तुती करणे म्हणजे माझीच स्तुती करणे, कारण हे विचार मला फार पूर्वीच सुचले होते. ते खरेही होते. पण यानोश खचला आणि त्याने पुढे जवळजवळ काही छापले नाही. नेमकी तीच भूमिती स्वतंत्रपणे दुसऱ्या एकाने शोधली, रशियातल्या काझानच्या लोबाचेव्स्कीने. त्याला विद्यापीठात गणित शिकवणारा कोण? लेखण्या तासणारा तोच बार्टेल्स. तो १८०८ साली काझानला प्राध्यापक होऊन गेला होता.

हे वाचले आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. फळ्यावर उदाहरण लिहून होण्याआधीच त्याचे उत्तर तयार असे. मी त्याला त्याच जातीची आणखी दहा उदाहरणे घालीत असे, नाहीतर हाताची घडी घालून बस म्हणे. काही महिन्यांत तो इतरांइतकाच सावकाश उदाहरणे सोडवू लागला आणि वर्ग शांत झाला म्हणून मला बरे वाटले. त्याच्या वेळी मी कुठलेही पुस्तक मागवले नाही.

आता रविवारी सकाळी शेजारची एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे येते. कोणत्या संख्या लागोपाठच्या दोन किंवा अधिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात, हे मी तिला शोधायला सांगितले. जसे ९ म्हणजे ४ अधिक ५, किंवा २ अधिक ३ अधिक ४. तीन आठवड्यांत तिने स्वतःच हेरले की १, २, ४, ८, १६ एवढ्यांचे मात्र काही केल्या जमत नाही. असे का, हे ती मला विचारते. कारण मला ठाऊक आहे. ते ओठांवर येऊ न देता तिच्या शेजारी बसून राहायला मी या वयात शिकतो आहे.